दहापैकी चार मार्कांची भिंत

माझ्या वडिलांनी आमच्या हॉलच्या भिंतीला दहापैकी चार मार्क दिले, तेही विमानतळावरून घरी आल्यावर पहिला चहा व्हायच्या आत.

बॅग दारात, पायांत अजून मोजे, आणि हा माणूस भिंतीला नाक लावून उभा. त्या भिंतीवर मी आठवडाभर खपून वॉलपेपर चिकटवला होता. गडद हिरव्या रंगावर फिकट पानं, एकमेकींत गुंतलेल्या वेली, अधूनमधून टपोरी फुलं, खालच्या बाजूला नेच्यांची दाटी. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली नक्षी होती ती. बाबा बघून निदान ‘अरे वा’ म्हणतील अशी माझी माफक अपेक्षा होती.

"ही वेल कसली म्हणायची?" बाबांनी विचारलं.

"द्राक्षाची. द्राक्षं दिसतायत की."

"द्राक्षं दिसतायत गं. पण हे वळणदार तणावे बघ, वेल ज्यांनी आधार धरते ते, पानाच्या बगलेतून काढलेत. द्राक्षाचा तणावा पानाच्या समोरच्या बाजूला फुटतो. आणि इथे पानं समोरासमोर, इथे एकाआड एक. एकाच फांदीवर! ह्या माणसाने जन्मात द्राक्षाची वेल पाहिलेली नाही. चार मार्क." मग माझ्याकडे वळून एकदम मऊ आवाजात म्हणाले, "तू चिकटवलंयस मात्र छान हं. अगदी सफाईदार."

आणि तिथेच मी सावध झाले. कारण दुसरी पट्टी चांगली बोटभर वाकडी बसली होती. जोडावर वेलच तुटली होती. नवरा शिडी धरून ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडत होता आणि त्याची डावी बाजू म्हणजे माझी उजवी हे आम्हाला गोंद वाळल्यावर कळलं. अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगचा नातूर, म्हणजे इकडे आखातात वॉचमनला म्हणतात तो, पार्सल द्यायला आला तेव्हा त्यालाही ते दिसलं. द्राक्षाचा तणावा कुठून फुटतो हे बघणाऱ्या बाबांना ते दिसलं नसेल?

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. चिपळूणजवळच्या एका हायस्कूलात चौतीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं. चूक काढणं हे त्यांचं श्वास घेणं. लग्नपत्रिका आली की आधी शुद्धलेखन, मग मुहूर्त. औषधांच्या दुकानाची पाटी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून सुधारलेली आहे. नववीत मी जास्वंदीच्या चित्राला सहा पाकळ्या काढल्या, तर वही अख्ख्या वर्गाला दाखवून म्हणाले, "ह्या विद्यार्थिनीला विचारा, सहावी पाकळी कुठल्या दुकानात मिळाली?" शून्य. पोटच्या मुलीला शून्य! मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

आणि आईचा चहा. तो तर रोज तपासला जायचा. आज आलं जास्त झालंय. आज उकळला नाही नीट. आज दूध पातळ. आई म्हणायची, "उद्यापासून स्वतः करून घ्या." पंचेचाळीस वर्षं तो उद्या उजाडला नाही. ती चहा करत राहिली आणि हे चुका काढत राहिले, आणि दोघंही ठणठणीत होती.

पण ही तपासणी फक्त आपल्या माणसांसाठी. दुसऱ्याच्या घरी बाबा एकदम गुणी. पोहे खारट असोत, चहा म्हणजे नुसतं गरम पाणी असो, बाबा म्हणणार ‘छान’, आणि चपला घालणार. त्यांच्या तोंडून ‘छान’ आलं की आई पदर सावरून उठायची. निघायची वेळ झाली हे तिला कळायचं.

आता माझ्या घरी माझा चहा छान. माझी भाजी छान. वाकडी पट्टी सफाईदार. मी पाहुणचार करत होते आणि ते पाहुणे झाले होते.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा तिकडे एकटे. मागच्या थंडीत मोरीत घसरून पडले, दूधवाला येईपर्यंत दोन तास तसेच पडून होते, आणि ही बातमी मला आठ दिवसांनी फोनवर गंमत म्हणून सांगितली. "छताला किती कोळिष्टकं आहेत ते नीट बघायला मिळालं," म्हणे. त्या दिवशी मी ठरवलं की आता ह्यांना इकडे आणायचं. दोन महिन्यांसाठी नाही, कायमचं.

पण हे त्यांना सांगायचं कसं? आमच्या घरात प्रेमाचं काही बोलायची पद्धतच नाही. एसीवाल्याशी मी हिंदीत तासभर भांडू शकते, पण ‘बाबा, राहा’ एवढे दोन शब्द म्हणता येत नाहीत. शिवाय भीती होती. विचारलं आणि नाही म्हणाले तर? व्हिजिट व्हिसा काढला तेव्हाच ते बोलले होते, "साठ दिवस बघतो. तिकडे डोळ्याला पान दिसत नाही, माझं मन नाही लागायचं." मी त्यातलं तेवढंच ऐकलं, की पान दिसत नाही. म्हणून मी पानं लावली.

मी एका इंटिरियरच्या शोरूममध्ये काम करते. वॉलपेपर, पडद्यांची कापडं, टाइल्स. सँपल सांभाळणं हे माझं खातं. आमची मॅनेजर साठीची इंग्लिश बाई आहे, आणि व्हिक्टोरियन नक्षी हा तिचा जीव की प्राण. तिनेच मला सांगितलं होतं की त्या काळात तिकडे लोकांना झाडापानांचं वेडच लागलं होतं. जगभरातली रोपं बोटीने यायची. नेचे काचेच्या पेट्यांत घालून दिवाणखान्यात ठेवायचे. फुलं वहीत दाबून वाळवायची, फ्रेम करायची. भिंतीवर पानं, टाइलवर पानं, कपबशीवर पानं, शेगडीच्या लोखंडावरसुद्धा पानं. बाहेर कारखान्यांचा धूर, म्हणून बाग घरात घेतली. मी म्हटलं, हे तर अगदी आमच्याचसाठी. बाहेर वाळू, आत पानं. अल ऐनच्या एका व्हिलाच्या ऑर्डरमधून उरलेले साडेतीन रोल मी तिच्याकडून मागून घेतले.

आणि मिळाले काय, तर दहापैकी चार.

पहिला आठवडा वाईट गेला. भिंत एका दिवसात तपासून झाली. मग बाबा खिडकीपाशी बसून राहायला लागले. समोर पार्किंग. कॅलेंडरवर रोज एक बारीक टिंब द्यायचे. मी विचारलं, "कसलं टिंब?" तर म्हणाले, "काही नाही, बीपीच्या गोळीचं." गोळी संध्याकाळी असायची, टिंब सकाळी.

म्हणून एका शनिवारी मी त्यांना शोरूम दाखवायला घेऊन गेले. तिथे मोठमोठ्या कातरलेल्या पानांच्या एका कागदासमोर ते थबकले.

"अगं, ही मारांडी! आपल्या खाडीच्या चिखलात असते ती!" किमतीचं लेबल उलटून बघितलं. "चारशे दिरहम? म्हणजे साडेनऊ हजार रुपये! एका भेंडोळ्याचे? मारांडीला?"

मॅनेजर बाई धावत आल्या, मला वाटतं गिऱ्हाईक समजून. मी सांगितलं, वडील म्हणतायत की हे झाड आमच्याकडे उगवतं. त्या खूश झाल्या. हे अकॅन्थस, म्हणाल्या, ग्रीक देवळांच्या खांबांपासून आलेलं, तुमची ती त्याची बहीण असणार. बाबा म्हणाले, "विचार त्यांना, ही बहीण होडीभर पाठवू का?" मग कागदाजवळ जाऊन चष्मा वर केला आणि पानाच्या शिरा मोजायला लागले. बाईंना अंदाज आला असावा. त्या हसून म्हणाल्या, "इट्स स्टायलाइज्ड."

"म्हणजे काय?" बाबांनी मला विचारलं.

"म्हणजे मुद्दाम जरा वेगळं काढलेलं. सजावटीसाठी. हुबेहूब नको असतं त्यांना."

"म्हणजे चुकलेलं."

हे मी इंग्लिशमध्ये सांगितलं नाही. नोकरी प्यारी आहे मला.

निघताना त्यांना दाराशी जुन्या सँपल बुकांचा ढीग दिसला. वॉलपेपरच्या कंपन्या दर सीझनला ही जाडजूड पुस्तकं पाठवतात, एकेका पानावर एकेक नक्षी, आणि नवीन आली की जुनी आम्ही कचऱ्यात देतो. "टाकणार?" बाबांचा आवाज चढला. "मागची बाजू कोरी आहे अख्खी!" एक पुस्तक काखोटीला मारून ते गाडीत बसले.

संध्याकाळी बघते तर हे डायनिंग टेबलावर, हातात लाल पेन. खिशात ते पेन असतंच, निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी. प्रत्येक पानावर समासात मार्क आणि शेरा. ‘गुलाबास काटे हवेत.’ ‘नेच्याला फूल येत नाही. कुठून आणले?’ ‘लिलीच्या पाकळ्या बरोबर, पाने केळीची.’ ‘प्रयत्न चांगला, निरीक्षण कमी.’ आमची अकरा वर्षांची लेक मागून वाकून बघत होती. म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट वॉलपेपर."

"जस्ट? रोज भिंतीकडे बघायचं आणि रोज चुकीचं बघायचं?"

"ओके, बट ही इज डेड, राइट? द आर्टिस्ट?"

"म्हणून काय मार्क वाढवू?"

दुसऱ्या दिवशी पुस्तक संपलं आणि बाबांनी मला विचारलं, "आणखी आहे का गं?" आई गेल्यापासून त्यांनी कशाला ‘आणखी’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

बस्स. मला कळलं काय करायचं ते. माणसाला पानं नको होती, चुका हव्या होत्या. आणि चुकांचं कोठार तर माझ्याच ताब्यात! आमच्या घरात व्हिक्टोरियन फुलांचा लोंढाच सुरू झाला. सोमवारी सँपल बुक. बुधवारी पडद्याचे तुकडे. डिस्काउंटमध्ये मिळालेल्या उशांचे अभ्रे, त्यांवर आयव्हीच्या वेली. कोपऱ्याचा टवका उडालेल्या सहा टाइल्स, त्यांवर सूर्यफूल. कपबश्या. लॅम्पशेड. नवरा ऑफिसातून आला की आधी जागा शोधायचा. एकदा उशी हातात धरून म्हणाला, "बाबांनी माझ्या उशीला तीन मार्क दिलेत. मी नापास उशीवर झोपू का?" मी म्हटलं, "झोप. तू कुठे मेरिटमध्ये आला होतास?"

लेक तर पुरती बिघडली. शाळेच्या आर्टच्या तासाला शेजारणीच्या फुलात पुंकेसर नाहीत म्हणून तिने टीचरकडे तक्रार केली. टीचरचा मला मेल आला. मी तो बाबांना वाचून दाखवला आणि त्या रात्री बाबा दोन पोळ्या जास्त जेवले.

एका रविवारी आम्ही त्यांना उम्म अल कुवैनला तिवरं दाखवायला नेलं. तास दीड तास चिखलाच्या काठाने मारांडी शोधत हिंडले. मिळाली नाही. "तिवर आहे, पण मारांडी नाही," परत येताना म्हणाले, "अर्धी खाडी आहे." नवऱ्याने गाडी चालवता चालवता आरशातून माझ्याकडे बघितलं. सांग ना त्यांना, असं त्याचं डोळ्यांनी रोजचंच चाललेलं असायचं. मी खिडकीबाहेर बघितलं.

चहा मात्र अजून छानच होता. रोज सकाळी मी कप पुढे ठेवायचे, बाबा एक घोट घेऊन म्हणायचे, "छान." आणि कॅलेंडरवर टिंब.

पन्नासावं टिंब पडलं आणि इकडे पुस्तकं खलास. नवीन सीझनला अजून वेळ होता. मी गोदाम उपसलं. हाती लागलं ते नुसत्या चौकटी आणि पट्ट्यांचं. बाबांनी चाळून परत दिलं. "ह्यात काय चुकणार? ह्याला पानंच नाहीत." माझी पाचावर धारण बसली. शेवटी मॅनेजर बाईंच्या स्वतःच्या कपाटातलं एक पुस्तक मिळालं. रानगुलाबाचं. आणि नशीब बघा, ते सगळं बरोबर! कुणी तरी खरोखर झुडपासमोर बसून काढलं होतं. पाच पाकळ्या म्हणजे पाचच, पानांची टोकं, काटे, सगळं जागच्या जागी. बाबा हे अर्ध्या तासात पास करून मोकळे होणार, आणि मग बॅग काढणार.

मग मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. शनिवारी दुपारी बाबा आडवे झाले. लेकीची रंगपेटी आणि कंपास घेऊन मी बाथरूमची कडी लावली. पाचव्या पानावर रिकामी जागा होती, तिथे एक फूल वाढवलं. कंपासने गोल आखला, पाकळ्या एकसारख्या पाडल्या, चुकीच्या, सहा. फिकट गुलाबी रंग दिला. कागद जुना दिसावा म्हणून कडेने चहाचं पाणी फिरवलं. नवरा बाहेरून दार वाजवत होता. "अगं, काय करतेयस?" मी म्हटलं, "बागकाम." आत बसून मी एकटीच हसत होते. एवढं बेमालूम फूल झालं होतं की मीच मला नऊ मार्क दिले असते.

रविवारी सकाळी चहाबरोबर मी ते पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि पलीकडे कोथिंबीर निवडायला बसले. कान तिकडेच. पहिलं पान. "हं, ह्याला येतं." दुसरं. "वा, काटे बघ कसे मागे वळलेत." तिसरं, चौथं. पाचवं.

बाबांनी पुस्तक जवळ ओढलं.

चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुस्तक उजेडात तिरकं धरलं. मग फुलाच्या बरोबर मध्यावर हळूच बोट फिरवलं.

"इथे भोक आहे," ते म्हणाले.

माझ्या हातात कोथिंबिरीची काडी तशीच राहिली.

"कंपासचं टोक टोचलंय. गोलाचं माप तसंच ठेवून कडेवर फिरवत गेलं की बरोबर सहा खुणा पडतात. पाकळ्या एकसारख्या येतात, म्हणून सोपं पडतं." पान उलटून त्यांनी मागचा उंचवटाही चाचपला. "चौतीस वर्षांत हजारो वह्या तपासल्या. जास्वंद कंपासने काढणारी मुलगी एकच होती."

अख्खं गाव मला ओळखत नसेल तितकं त्या एका भोकाने ओळखलं होतं. मी तीस वर्षांनी तीच चूक त्याच हत्याराने केली होती, आणि मला पत्ताही नव्हता.

"बाबा, ते..."

"हे त्या माणसाने नाही काढलेलं. त्याने बरोबर काढलंय बिचाऱ्याने. त्याचं फूल कशाला बिघडवलंस?"

"पुस्तकं संपली म्हणून," मी म्हटलं. आणि मग एकदम सगळंच बाहेर पडलं. "ह्यात चुका नव्हत्या. तुम्ही निघाला असतात. तुम्ही जायला नको मला. राहा ना बाबा इथे. तिकडे मोरीत पडलात तर मला आठ दिवसांनी कळतं. मला नाही सहन होत." नाक, डोळे, कोथिंबीर, सगळं एक झालं होतं. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, नववीतल्यासारखी हुंदके देत होते.

बाबांनी माझ्यापुढची कोथिंबीर बाजूला सरकवली.

"तिकडे मी चहा स्वतः करतो," ते म्हणाले. "रोज. आलं बरोबर, साखर बरोबर, उकळतोही बरोबर. एक दिवस चुकत नाही. पितो आणि गप्प बसतो. काही बोलायलाच नसतं गं."

मग खिशातलं लाल पेन काढलं, माझ्या फुलाखाली नीट गोल शून्य काढलं आणि त्याला दोन रेघा मारल्या, वर्गात मारायचे तशा. मी डोळे पुसत म्हटलं, "शून्यच?" तर म्हणाले, "फूल शून्य. आणि ती हॉलमधली दुसरी पट्टी वाकडी आहे. जावयाला सांग, सुट्टीच्या दिवशी काढून परत लावू. मी शिडी धरतो."

नवरा आतून सगळं ऐकत असणार. तो मोबाइल कानाला लावूनच बाहेर आला आणि म्हणाला की व्हिसा वाढवायचं त्याने कधीच विचारून ठेवलंय, फक्त यल्ला, म्हणजे चला, म्हणायचा अवकाश. बाबांनी निवलेला चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी आहे," म्हणाले. "पहिल्या दिवसापासून कमी आहे."

मी उठले आणि साखरेचा डबाच आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला.